हलकी गाडी की भारी? : कचारगडच्या वाटेवर सुचलेले विचार

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वचन लहानपणापासून आपल्या कानांवर पडत असते. तथापि खरेदीची वेळ आली म्हणजे आपली दृष्टी स्वतःच्या अंथरुणाकडे न जाता शेजाऱ्याच्या पायांकडे जाते. आमच्या जिल्ह्यात धानाचे चुकारे हाती आले, की ज्या घरी वयात आलेला मुलगा आहे त्या घरी मोटारसायकलीची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. पूर्वी ही गोष्ट ‘घ्यावी की न घ्यावी’ एवढ्यावर संपत असे. हल्ली ती ‘कोणती घ्यावी’ येथून सुरू होते. त्यातही डांबरी सडक आणि कच्ची वाट ह्या दोहोंवर चालणाऱ्या, उंच बांध्याच्या आणि मोठ्या पुढच्या चाकाच्या ज्या गाड्या गेल्या काही वर्षांत निघाल्या आहेत, त्यांनी तरुणांची मने फारच वेधून घेतली आहेत. बाजारात त्यांना ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात; ह्या लेखापुरते आम्ही त्यांस ‘दुवाटी गाड्या’ म्हणणार आहोत.

ह्या गाड्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक दोनशे सीसीच्या आसपासच्या हलक्या गाड्यांचा. दुसरा चारशे ते साडेचारशे सीसीच्या मध्यम, म्हणजे आमच्या मानाने भारीच, गाड्यांचा. ह्या दोहोंत श्रेष्ठ कोणती, ह्यावर मधल्या सुट्टीत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे जे वाद रंगतात ते आमच्या कानांवर आले आहेत. पालकसभेच्या दिवशी काही पालकांनी तर आमचे मतच विचारले. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा ज्या वस्तूत जावयाचा आणि जिच्यावर घरच्या मुलाचा जीव बसावयाचा, तिच्याविषयीचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. म्हणून आमचे मत वार्षिकाच्या ह्या पानांतून सर्वांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम थोडा इतिहास पाहू. सडकेची गाडी रानात नेण्याची खटपट जुनीच आहे. परंतु दोन्ही कामांसाठी मुद्दाम आखलेली आणि सामान्य माणसाच्या आटोक्यात आलेली गाडी म्हणून जपानच्या यामाहा कंपनीच्या ‘डीटी-१’चे नाव घेतले जाते. ती १९६८ साली अमेरिकेत विक्रीस आली आणि तिचे इंजिन अडीचशे सीसीचे होते. पुढे १९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने सुमारे आठशे सीसीची ‘आर ८० जी/एस’ काढली, आणि लांब पल्ल्याच्या भारी दुवाटी गाड्यांची परंपरा सुरू झाली. वाळवंटांतून जाणारी पॅरिस ते डाकार ही विख्यात शर्यत डिसेंबर १९७८ मध्ये प्रथम निघाली, तेव्हा ती पाचशे सीसीच्या गाडीने जिंकली. त्यानंतर इंजिने वाढत वाढत दुपटीजवळ गेली. आणि अखेर २०११ सालापासून शर्यतीच्या चालकांनीच साडेचारशे सीसीची मर्यादा घातली. जगातील निवडक सवारांसही जेथे मर्यादेची गरज भासली, तेथे आपण मर्यादेचा विचार केल्यास त्यात कमीपणा कसला?

आपल्या देशात ह्या नावाची गाडी नव्हती तेव्हाही तिचे काम अडले नव्हते. पावणेदोनशे सीसीची राजदूत दुधाच्या कॅन घेऊन पांदण रस्त्यांनी वर्षानुवर्षे धावली. पुढे २०११ साली हीरो कंपनीची दीडशे सीसीची ‘इम्पल्स’ आली. २०१६ साली रॉयल एनफील्डची ४११ सीसीची ‘हिमालयन’ आली. २०१९ साली हीरोची ‘एक्सपल्स २००’ आली. २०२० साली आपल्याच पुणे जिल्ह्यातील चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ‘केटीएम ३९० अॅडव्हेंचर’ आली. आणि २०२३ साली हिमालयनचे ४५२ सीसीचे नवे रूप आले. येणेप्रमाणे दोन्ही वर्गांच्या गाड्या आमच्या तरुणांपुढे उभ्या राहिल्या, आणि निवडीचा प्रश्न उत्पन्न झाला.

आमचे मत बनण्यास जो प्रसंग कारण झाला तो येथे सांगणे अवश्य आहे. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता शाळेची सहल कचारगडास न्यावी असे ठरत होते. वाट कशी आहे हे आधी पाहून यावे म्हणून आम्ही दोघे शिक्षक दोन गाड्यांवरून निघालो. एकाजवळ स्वतःची दोनशे सीसीची हलकी गाडी होती. दुसऱ्याने स्नेह्याकडून साडेचारशे सीसीची गाडी मागून आणली होती.

कचारगड हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकास, सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. येथील डोंगरातील विशाल नैसर्गिक गुहा गोंड समाजाचे परम श्रद्धास्थान असून, माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेस महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इत्यादी प्रांतांतून भाविक येतात. मुंबई–हावडा लोहमार्गावरील दरेकसा हे जवळचे स्थानक. पायथ्याचे गाव धनेगाव. सडकेने जावयाचे तर गोंदियाहून आमगाव, तेथून सालेकसा, पुढे दरेकसा व धनेगाव अशी वाट आहे. धनेगावच्या पुढे डोंगराची चढण मात्र प्रत्येकाने पायीच चढावयाची.

गोंदियाहून सालेकसापर्यंत भारी गाडीने हलकीस पूर्णपणे मागे टाकले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. समोरून मालमोटार गेली म्हणजे वाऱ्याच्या झोताने हलकी गाडी हेलकावे खाई. भारी गाडी ढळत नसे. पुढील वाहनास ओलांडून जाण्यास भारी गाडीस क्षणाचा अवधी लागे. हलकीस आधी मनाचा हिय्या करावा लागे. सालेकसास चहा घेताना भारी गाडीचे सवार ताजेतवाने होते आणि हलक्या गाडीचे सवार आपले मनगट चोळीत होते. तेवढ्यावरच लेख लिहिला असता तर त्याचा निकाल निराळा लागला असता.

परंतु धनेगावच्या अलीकडे आम्ही सडक सोडून एका पाड्याकडे वळलो, कारण सहलीच्या मुलांच्या पाण्याची सोय तेथे होते का हे पाहावयाचे होते. वाट बैलगाडीची, दोन्ही अंगांस धानाच्या बांध्या, मध्ये एक लहानसा नाला आणि त्याच्या उतारावर ओला मुरूम. हलकी गाडी आधी पार झाली. भारी गाडीचे पुढचे चाक उतारावर घसरले आणि सवाराचा पाय गाडीखाली सापडला. सुदैवाने हाड मोडले नाही. पण अडकलेला पाय सोडवून ती गाडी एकट्याने उभी करणे त्यांस साधेना. हलक्या गाडीचे सवार परत आले, तेव्हा दोघांनी मिळून ती उभी केली. त्या दिवशी आम्ही दोघे होतो म्हणून ही गोष्ट आज हसत सांगता येते. रानातील वाटेवर, सांजवेळी, एकट्या माणसावर तीच वेळ आली असती तर? हा प्रश्न परतताना आमच्या मनातून गेला नाही, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे.

आता आकडे पाहू. २०२१ साली आलेली एक्सपल्स २०० फोर-व्ही ही गाडी पेट्रोल-तेलासह सुमारे १५८ किलोंची. २०२३ची हिमालयन १९६ किलोंची. म्हणजे दोहोंत अंतर सुमारे चाळीस किलोंचे. चाळीस किलो म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यातील मुलांस सांगावयास नको: खरेदी केंद्रावर मोजला जाणारा धानाचा एक कट्टा तेवढाच भरतो. तेव्हा भारी गाडी घेणारा सवार हलकीच्या मानाने धानाचा एक कट्टा कायमचा सोबत वागवितो असे म्हणण्यास हरकत नाही. सरळ सडकेवर तो कट्टा जाणवत नाही. उलट गाडी स्थिर ठेवण्यास त्याची मदतच होते. तोच कट्टा चिखलात, वाळूत, उताराच्या वळणावर सवाराच्या विरुद्ध ओढू लागतो. गाडी घसरू लागली म्हणजे हलकी गाडी पायाच्या एका टेक्याने सावरता येते. भारी गाडी एकदा कलली म्हणजे पायाचे काही चालत नाही.

कोणी म्हणेल, वजन अधिक असले तरी बळही अधिक असते. खरे आहे. हिमालयनचे बळ सुमारे चाळीस अश्वशक्तीचे, तर एक्सपल्सचे सुमारे एकोणीस. परंतु ओल्या मुरमावर चाकाखालची जमीन जेवढे बळ स्वीकारील तेवढेच कामास येते. वरचे सर्व चाक जागच्या जागी फिरविण्यात जाते. एकोणीस अश्वशक्तीही तेथे पुष्कळ होते. उलट मोठ्या सडकेवर बळाचा खरा उपयोग आहे, हे आम्ही वर कबूल केलेच आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. दुवाटी गाडीचे पोट जमिनीपासून उंच असावे लागते, म्हणजे दगडांवर आपटत नाही. एक्सपल्सचे ते अंतर २२० मिलिमीटर आहे, तर गावोगाव दिसणाऱ्या स्प्लेंडरचे १६५. पण पोट उंच झाले की बैठकही उंच होते. एक्सपल्सची बैठक सुमारे ८२५ मिलिमीटर उंच, हिमालयनची ८२५ ते ८४५, आणि २०२०च्या केटीएमची तर ८५५. मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय तेथून पूर्ण टेकत नाहीत. नुसते चवडे टेकतात. चवड्यांवर हलकी गाडी तोलून धरणे आणि धानाच्या कट्ट्यासह भारी गाडी तोलून धरणे ह्यांत केवढे अंतर आहे, हे प्रत्येकाने विकत घेण्यापूर्वी दुकानाच्या अंगणात स्वतः पाहावे.

येथे तरुण वाचकांस एक कसोटी सांगतो. गाडी घेण्यापूर्वी ओळखीच्या कोणाची तसलीच गाडी मऊ जमिनीवर अलगद आडवी करून ती एकट्याने उभी करून पाहावी. जवळ मात्र कोणी मोठे माणूस उभे असावे. रीत अशी: प्रथम इंजिन व किल्ली बंद करावी. गाडी उजवीकडे पडली असेल तर डावीकडील स्टँड आधीच उघडून ठेवावा, म्हणजे उभी होताच ती पलीकडे कोसळणार नाही. गिअर टाकून ठेवावा, म्हणजे चाक फिरणार नाही. मग गाडीकडे पाठ करून बैठकीस टेकावे, गुडघे वाकवावेत, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागचा मजबूत भाग धरावा, आणि कमरेने न उचलता पायांच्या जोरावर मागे रेटीत लहान लहान पावले टाकावीत. अशी तीन वेळा उचलता आली तर ती गाडी आपली. तिसऱ्या खेपेस दम संपला तर ती गाडी आपली नव्हे, मग मित्र काहीही म्हणोत. रानात गाडी एकदाच पडते असा नियम नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. हवेने किंवा तेलाने थंड होणाऱ्या साध्या इंजिनाची रचना तालुक्याच्या गावच्या मिस्त्रीस समजते; त्याचे सुटे भागही तेथे किंवा फार तर गोंदियास मिळतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गुणांबद्दल वाद नाही; पण त्याच्या पुढील जाळीस दगड लागून ती फुटली, तर गाडी टेम्पोत घालून शहरास न्यावी लागते. हलक्या गाड्यांतही आता पाण्याने थंड होणारी इंजिने येऊ लागली आहेत. म्हणून गाडी घेताना ‘हिची दुरुस्ती जवळात जवळ कोठे होते?’ हा प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा. आरेवाली चाके दगडावर आदळली तर वाकतात, पण बहुधा पुन्हा सरळ करता येतात. ही सोयही ध्यानी धरावी.

चौथी गोष्ट पैशाची. भारी गाडीची किंमत हलकीच्या दुपटीच्या आसपास जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला, त्यामुळे हे अंतर वाढलेच. शिवाय पेट्रोल, टायर, विमा ह्या सर्वांतच भारी गाडी अधिक मागते. कर्जाने घेतलेल्या गाडीचा हप्ता पीक बुडाले तरी थांबत नाही. जो पैसा वाचेल त्यातून उत्तम हेल्मेट, गुडघ्यांचे संरक्षक आणि घोट्यापर्यंतचे मजबूत बूट घ्यावेत. आमच्या मित्राचा पाय त्या दिवशी बुटामुळेच वाचला.

आता आमच्या मताचा गाभा सांगतो. गाडी घेताना घरातील सर्वांत धट्टाकट्टा मुलगा दुकानात जातो, तिच्यावर बसून पाहतो आणि पसंत करितो. परंतु आमच्याकडे गाडी एकट्याची नसते. ती घराची असते. मुलगा कामास परगावी गेलेला असताना रात्री घरात कोणास ताप चढला, तर तालुक्याच्या दवाखान्यात गाडी कोण नेणार? पन्नाशी उलटलेले वडील, किंवा शिक्षिका असलेली बहीण, किंवा नुकतीच गाडी शिकलेली सून. त्यांच्यापैकी कोणाच्याही हातांस जी गाडी पेलत नाही, ती त्या रात्री दारात उभी असूनही नसल्यासारखीच. म्हणून आमचे म्हणणे असे, की गाडी निवडताना माप घ्यावे ते घरातील सर्वांत बळकट सवाराचे नव्हे, तर जिला वा ज्याला ती नाइलाजाने चालवावी लागेल त्याचे. आणि वाट मोजावी ती सर्वांत चांगली नव्हे, तर रोजच्या जाण्यायेण्यातील सर्वांत वाईट. ह्या मापाने पाहता आमच्या भागातील बहुतेक घरांस हलकी गाडीच योग्य ठरते. पुष्कळांस तर दुवाटी गाडीचीही गरज नाही. सुमारे ११२ किलोंची साधी स्प्लेंडर त्यांचे शेताचे व बाजाराचे काम निमूटपणे करीत आली आहे, आणि तिची बैठक सर्वांच्या पायांस पुरते.

भारी गाडी कोणी घेऊच नये असा आमचा आग्रह नाही. जो आठवड्यास नागपूर किंवा रायपूर गाठतो, मागे माणूस व सामान घेऊन तासन्‌तास मोठ्या सडकेवर असतो, ज्याच्या अंगात ती उचलण्याचे बळ आहे आणि घरात दुसऱ्यांसाठी दुसरे वाहन आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. त्याच्या कामास तीच अधिक सुरक्षित आहे. पण वर्षातून एखादे वेळी हिमालयात जाईन, ह्या आशेवर उरलेले तीनशे साठ दिवस धानाचा कट्टा वाहत राहणे शहाणपणाचे नव्हे. ज्यास शंका असेल त्याने एक महिना वहीत रोज टिपून ठेवावे: आज कोठे गेलो, किती किलोमीटर, वाट कशी, सोबत कोण. महिन्याअखेर ती वहीच उत्तर देईल.

शेवटी विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. तुमच्यापैकी बहुतेकांची वेळ अद्याप आलेली नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘जरा नाक्यापर्यंत’ म्हणून मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनी हे ध्यानी ठेवावे. तोवर सायकल आहेच. पांदण रस्त्याने सायकलवर उभे राहून तोल सांभाळावयास, पुढे पाहून वाट निवडावयास आणि उतारावर ब्रेक हळू दाबावयास जो शिकला, त्याची निम्मी विद्या पुरी झाली.

आणि रानाची मर्यादाही विसरू नये. दुवाटी गाडी रानात चालते ह्याचा अर्थ रानात कोठेही चालवावी असा नव्हे. वाट सोडून झाडोऱ्यात शिरणे, कर्कश सायलेन्सर लावून पाखरे उठविणे, लोकांच्या श्रद्धास्थानाशी शर्यती लावणे, हे कोणत्याही सीसीच्या गाडीस शोभत नाही.

ती पाहणी झाल्यावर माघात आम्ही पुन्हा कचारगडास गेलो. पायथ्याशी गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. हलक्या, भारी, साध्या, सर्व एकाच धुळीत. पुढची चढण सर्वजण पायी चढत होते. एक वृद्धा डोक्यावर लहानसे गाठोडे घेऊन सावकाश वर जात होती. शेजारच्या मुलाने ते घेऊ केले, तेव्हा ती म्हणाली, “राहू दे बाबा, झेपेल तेवढेच बांधून आणले आहे.” गाडी घेण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येक घराने करावा, एवढेच आमचे मागणे आहे.